मेलो आणि मेला

एका वस्तूची दुसरी वस्तू करणं हा आपल्याकडचा जुना घरगुती उद्योग आहे. सकाळच्या उरलेल्या पोळीचा संध्याकाळी फोडणी घालून कुस्करा होतो, आजीच्या जुन्या लुगड्याची पणतवंडांसाठी दुपटी होतात आणि गाजलेल्या पुस्तकाचा सिनेमा होतो. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चा आचार्य अत्र्यांनी १९५३ साली सिनेमा केला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या एका पातेल्यात घालून जब्बार पटेलांनी १९७९ साली 'सिंहासन' केला. 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं १९७० साली आणि सिनेमाच्या पडद्यावर आलं २०१६ साली. म्हणजे आप्पासाहेब बेलवलकरांना पडद्यावर जागा मिळायला तब्बल सेहेचाळीस वर्षं लागली. पुण्यात फ्लॅटचा ताबासुद्धा याहून थोडा लवकर मिळतो.

अशा रूपांतरांवर निकाल देणं मात्र फार सोपं असतं. थिएटरातून बाहेर पडताना चपला शोधल्यासारखा चेहरा करायचा आणि म्हणायचं, "पुस्तकच बरं होतं!" हे वाक्य म्हणायला पुस्तक वाचलेलं असावं लागत नाही. किंबहुना न वाचलेला माणूस ते जास्त ठामपणे म्हणतो, कारण त्याच्या मतात वस्तुस्थितीची लुडबूड नसते.

गेल्या तीसेक वर्षांत या उद्योगात एका नव्या कच्च्या मालाची भर पडली आहे. तो म्हणजे व्हिडिओ गेम. पुस्तकाचा सिनेमा, नाटकाचा सिनेमा, सिनेमाचा पुन्हा सिनेमा हे सगळं करून झाल्यावर निर्मात्यांची नजर पोरांच्या हातातल्या खेळण्याकडे गेली. आता थिएटरातून बाहेर पडणारी पोरं म्हणतात, "गेमच बरा होता!" फरक इतकाच, की यांनी तो खरोखर खेळलेला असतो, तोही परीक्षेच्या आदल्या रात्री. त्यामुळे त्यांचं मत हलक्यानं घेऊन चालत नाही.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारील. तर मी मुळशी तालुक्यात राहतो. हा तालुका म्हणजे एक गंमतच आहे. एका टोकाला हिंजवडी. तिथली संगणकवाली मंडळी दिवसभर पडद्याकडे पाहतात आणि संध्याकाळी पुढच्या मोटारीच्या मागच्या दिव्यांकडे. दुसऱ्या टोकाला ताम्हिणीचा घाट. तिथे पावसाळ्यात स्वतःचा हात पुढे केला तर तोही धुक्यात नाहीसा होतो. मधे पौडला तालुक्याची कचेरी. तिथेही कागद धुक्यात नाहीसे होतात असं म्हणतात, पण ते ऐकीव. पेठेतलं बिऱ्हाड मोडून निवृत्तीनंतर शांततेसाठी आम्ही दोघं पिरंगुटच्या पुढे राहायला आलो. शांतता मिळाली. ती सोमवार ते शुक्रवार असते. शनिवारी दुपारी आमचा नातू होस्टेलमधून घरचं जेवायला येतो. येताना धुण्याचे कपडे आणि तो खेळाचा डबा घेऊन येतो. कपडे आजीकडे जातात आणि डबा टीव्हीला जोडला जातो. मग रविवार रात्रीपर्यंत मी आरामखुर्चीत बसून त्याच्या खांद्यावरून जग पाहतो. अधिकार म्हणायचा तो एवढाच.

पहिली गोष्ट माझ्या ध्यानात आली ती व्याकरणाची. खेळता खेळता आमचा नातू मोठ्यांदा ओरडतो, "मेलो!" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा आमची ही पोळपाट-लाटणं टाकून बाहेर धावत आली होती. आता ती सरावली आहे. स्वयंपाकघरातूनच विचारते, "मेलास का? मग पानं घेऊ?" आतून उत्तर येतं, "आजी, अजून दोन जीव आहेत." त्यावर ही गॅस बारीक करते. शनिवारी संध्याकाळी दिवे लागल्यापासून पानं मांडीपर्यंत हा मुलगा दहा-बारा वेळा तरी मरतो आणि तरीही सात पोळ्या खातो.

तोच मुलगा जेवणानंतर आमच्याबरोबर सिनेमा पाहायला बसला की पडद्यावरचा माणूस मेल्यावर म्हणतो, "मेला." बोटांची हालचाल तीच, दिवाणावर पसरणं तेच, पडदाही तोच. पण 'मेलो'चा 'मेला' झालेला असतो. लिहून पाहा. फरक फक्त एका मात्रेचा आहे. पण ती एक मात्रा खाली पडली की प्रथमपुरुषाचा तृतीयपुरुष होतो, करणाऱ्याचा पाहणारा होतो. माझ्या मते व्हिडिओ गेमच्या सिनेमाची सगळी अडचण या एका मात्रेत आहे. खेळाच्या जोरावर सिनेमा काढणारा निर्माता खेळाडूच्या हातातून ते यंत्र काढून घेतो आणि म्हणतो, "आता नुसतं बघ." बरं, हात काढून घेतलास, तर त्या बदल्यात देणार काय? पुष्कळांकडे या प्रश्नाला उत्तरच नसतं.

याचं आद्य उदाहरण म्हणजे मारिओ. जपानच्या निन्टेंडो कंपनीचा हा खेळ १९८५ सालचा. कथानक विचाराल तर असं : नळदुरुस्ती करणारा एक मिशाळ गृहस्थ डावीकडून उजवीकडे पळतो. का पळतो? कुणीतरी राजकन्या पळवून नेली आहे. वाटेत खड्डे, कासवं आणि चालणारी अळिंबी. पडला की पुन्हा डावीकडून सुरुवात. बस, एवढंच. 'उजवीकडे चला' हे पौडच्या फाट्यावरच्या पाटीवर शोभेल इतकंच कथानक. पण खेळताना त्यात काही उणं वाटत नाही, कारण उरलेलं सगळं खेळणाऱ्याच्या अंगठ्यात असतं.

१९९३ साली हॉलिवुडनं याचा सिनेमा काढला. पहिला अंगठा त्यांनीच कापला आणि मग अंगठ्याच्या जागी काय लावावं याचा विचार सुरू केला. डायनासोरांपासून उत्क्रांत झालेल्या माणसांचं एक समांतर विश्व काढलं, त्यात अंधार घातला, गावभर लोंबणारी बुरशी घातली. बॉब हॉस्किन्स आणि डेनिस हॉपर यांच्यासारखे कसलेले नट घेतले. सिनेमा आपटला. पुढे खुद्द हॉस्किन्सनं, आपण केलेलं सर्वांत वाईट काम कोणतं, या प्रश्नावर याच सिनेमाकडे बोट दाखवलं. इतकं रोखठोक परीक्षण कुठल्याही समीक्षकाला साधलं नाही. समांतर विश्वाची कल्पना मात्र मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. आमच्याकडचा नळदुरुस्तीवाला "उद्या नक्की येतो" असं सांगून जिथे जातो ते तसलंच काहीतरी ठिकाण असावं.

त्याच मारिओचा २०२३ साली पुन्हा सिनेमा आला, या वेळी चित्रांचा, आणि त्यानं जगभरात १३० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. नातवानं मला तो दाखवला. रंग छान, संगीत छान. पण सबंध वेळ माझ्या शेजारी बसून नातू बोटं दाखवत होता, "आजोबा, ते बघा कासव! आजोबा, तो पाइप!" मला एकदम लक्ष्मी रोडवरच्या विसर्जनाची आठवण झाली. मिरवणुकीतही आपण हेच करतो. हा कसबा, ही जोगेश्वरी, तो गुरुजी तालीम. ओळखीचं काही समोरून गेलं की हात जोडायचे. मिरवणूक ही आनंदाची गोष्ट आहे आणि तिला कुणी नाव ठेवू नये. पण मिरवणुकीत पुढे काय होणार याचा घोर कुणाला नसतो. शेवटी पाण्यातच जायचं असतं. सिनेमा पाहताना मात्र थोडासा तरी घोर लागायला हवा. मारिओ त्या कासवांच्या हातून मरेल अशी भीती आम्हां दोघांनाही एकदासुद्धा वाटली नाही. नातवाला निदान खेळताना ती वाटायची.

या मंडळींचा सिनेमातला खेळकरपणा आणखीही एका तऱ्हेनं दिसतो. सोनिक नावाचा एक निळा साळिंदर आहे. त्याच्या सिनेमाची झलक २०१९ साली बाहेर आली, तेव्हा त्याला माणसासारखे दात दाखवले होते. खेळाडूंनी जगभर असा काही गिल्ला केला की निर्मात्यांनी सिनेमा पुढे ढकलला, साळिंदराचं रूप नव्यानं काढलं आणि २०२० साली तो प्रदर्शित केला. आमच्या पिढीनं थिएटरात ढेकूण सहन केले, राजेंद्रकुमार सहन केला, पण कुणाचे दात बदलून मागितले नाहीत. हाताला यंत्राची सवय लागलेला प्रेक्षक हात जोडून बसत नाही. तो निर्मात्यालाच खेळवतो.

आपल्याकडे काय घडलं? आपण हा प्रवास उलट्या बाजूनं केला. आपण आधी सिनेमा काढतो आणि मग त्याचा खेळ. 'गजनी' २००८ साली आला, पाठोपाठ त्याचा संगणकावरचा खेळही आला. 'रा.वन' २०११ साली आला. तो तर खेळाविषयीचाच सिनेमा आणि वर त्याचा प्लेस्टेशनवरचा खेळ. म्हणजे कुस्करा करून त्याच्या पुन्हा पोळ्या लाटायच्या.

पण 'रा.वन'बद्दल थोडं गंभीरपणानं बोललं पाहिजे, कारण त्यात एक खरोखर चांगली कल्पना होती. मुलाला नायकापेक्षा खलनायक आवडतो, म्हणून खेळ बनवणारा बाप मुलासाठी कधीच न हरणारा खलनायक तयार करतो. तो खलनायक खेळातून बाहेर येतो आणि बापालाच मारतो. वाहवा! इथे माझ्यासारखा म्हातारासुद्धा खुर्चीत सरसावून बसला. खेळात दहा-बारा वेळा मरणं पाहिलेल्या पोराला आता कळणार की बाहेरच्या जगात माणूस एकदाच मरतो. पण छे! थोड्या वेळानं त्याच बापाच्या चेहऱ्याचा, त्याच शाहरुख खानचा, निळ्या पोशाखातला नायक खेळातून बाहेर येऊन घरात वावरू लागतो. प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत हे खरं. पण बाप मेला या गोष्टीचा भार दिग्दर्शकानं आपल्या खांद्यावर ठेवला आणि आपण नीट वाकण्याच्या आत उचलूनही घेतला. मरण पुन्हा स्वस्त झालं.

त्याउलट दक्षिणेत २०१९ साली 'गेम ओव्हर' नावाचा एक लहानसा सिनेमा निघाला. अश्विन सरवणन यांचा, तमिळ आणि तेलुगूमधला. मूळ खेळ असा कुठला नाही. तापसी पन्नूनं त्यात खेळ तयार करणारी, पूर्वीच्या एका आघातानं खचलेली मुलगी केली आहे. शेवटी घरात मारेकरी शिरतात आणि खेळातल्यासारखे तिला तीन जीव मिळतात. पहिला जातो, दुसरा जातो. पण दर वेळी त्या मुलीच्या डोळ्यांत आधीच्या मरणाची भीती शिल्लक असते. जीव परत मिळतो, पण मेल्याची आठवण पुसली जात नाही. खेळाचा नियम घेतला आणि मरणाचं मोल वाढवलं. याला मी रूपांतर म्हणतो.

हे लिहिता लिहिता माझ्या मनात आलं, की खेळाचं रूपांतर ही काही हॉलिवुडनं शोधून काढलेली कला नव्हे. आपल्याकडे ते फार पूर्वी होऊन गेलं आहे, आणि असं झालं आहे की पुढे कुणी त्याच्या जवळपास गेला नाही. सभापर्व काढून पाहा. द्यूत हा शेवटी खेळच. पण व्यासांनी फासे कसे पडले, किती दान आलं, सोंगट्या कुठे होत्या, यात आपला वेळ घालवला नाही. शकुनी फासे टाकतो आणि 'जिंकलो' म्हणतो, की झालं. व्यासांचं सगळं लक्ष पणाला काय लागलं याच्याकडे. आधी धन, मग एकेक भाऊ, मग स्वतः, मग द्रौपदी. खेळाचा एक कोरडा नियम द्रौपदी उचलते आणि सभेत प्रश्न टाकते, की आधी कोण हरलं, ते की मी? आणि क्षणात खेळाच्या नियमाचा धर्माचा प्रश्न होतो. भीष्मासारख्या माणसालाही त्याचं धड उत्तर देता येत नाही.

पण माझ्या नातवाला सगळ्यांत पटलं ते पुढचं. सगळं हरल्यावर धृतराष्ट्र पांडवांना सारं परत देतो. नातवाच्या भाषेत सांगायचं तर 'रीस्टार्ट'चं बटण दाबलं जातं. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागतात. कौरव त्यांना पुन्हा खेळायला बोलावतात, आणि धर्मराज पुन्हा येऊन बसतो! त्याला अनुद्यूत म्हणतात. पुन्हा हरतो आणि बारा वर्षं वनवास नि एक वर्ष अज्ञातवास पदरात पाडून घेतो. व्यासांनी माणसाला दुसरा डाव दिला आणि दाखवलं, की दुसऱ्या डावातही माणूस तोच असतो. नातू हे ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझं पण त्या बर्फाच्या पुलावर असंच होतं, आजोबा."

आता अलीकडची एक गोष्ट सांगतो. 'द लास्ट ऑफ अस' हा २०१३ सालचा खेळ. २०२३ साली त्याची टीव्हीवर मालिका आली, पहिला हंगाम नऊ भागांचा. बुरशीच्या रोगानं जग मोडून पडलं आहे. (१९९३ सालच्या मारिओतही बुरशीच होती. तेव्हा दोष बुरशीचा नव्हता हे यावरून सिद्ध होतं.) मुलगी गमावलेला जोएल नावाचा एक माणूस एली नावाच्या चौदा वर्षांच्या पोरीला सबंध अमेरिकेतून घेऊन निघाला आहे. त्या पोरीला तो रोग बाधत नाही. तिच्यापासून औषध निघेल अशी आशा आहे.

या मालिकेचा तिसरा भाग पाहताना आमच्या हिनं पदर डोळ्यांना लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. बिल आणि फ्रँक या दोघा पुरुषांचं सबंध सहजीवन त्यात आहे. बाग लावणं, भांडणं, आजारपण, म्हातारपण. नातवानं सांगितलं, की खेळात यातलं जवळजवळ काहीच नाही. तिथे फ्रँक भेटतो तो मेलेलाच, आणि त्यानं मागे ठेवलेली एक कडवट चिठ्ठी तेवढी सापडते. चिठ्ठी वाचायची आणि पुढे पळायचं. मालिकावाल्यांनी त्या चिठ्ठीपाशी मुक्काम केला, कडूचं गोड केलं आणि दोन माणसांचं आयुष्य मांडलं. खेळणाऱ्याचे हात काढून घेतले, पण त्या बदल्यात त्याला थांबायला वेळ दिला. खेळात हीच गोष्ट मिळत नसते.

आणि मग शेवटचा भाग. औषध काढायचं तर त्या पोरीचा मेंदू कापावा लागणार, म्हणजे पोर मरणार. जोएल हॉस्पिटलात शिरतो आणि समोर येईल त्याला मारत सुटतो. ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टर उभा असतो. जोएल त्यालाही मारतो. आम्ही दोघं 'अरे अरे' करत पाहत होतो. नातू मात्र दिवाणाच्या कडेला सरकून बसला होता. हळूच म्हणाला, "आजोबा, खेळात हे मी केलंय."

"म्हणजे?"

"त्या डॉक्टरसमोर मी कितीतरी वेळ नुसता उभा होतो. पण त्याला मारल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नाही. शेवटी मारलं."

आमची ही म्हणाली, "मग बंद करून जेवायला यायचं होतंस."

"आत पोर होती ना, आजी," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "इथे मला उगाचच वाटत होतं, की हा तरी थांबेल."

घरातला टीव्ही एकच, दिवाण एकच. पण आम्ही दोघांनी 'त्यानं मारलं' असं पाहिलं आणि पोरानं 'मी मारलं' असं पाहिलं. चांगल्या रूपांतरानं काय करावं याचं याहून नेमकं उत्तर माझ्यापाशी नाही. खेळानं त्याच्या हातून जे करवून घेतलं होतं ते मालिकेनं त्याला लांबून दाखवलं, आणि तिथे त्याला प्रथमच त्याचा भार कळला. त्या रात्री तो साडेतीन पोळ्यांवरच उठला. आमच्या घरात समीक्षेचं हे सर्वोच्च माप आहे.

हा प्रकार आमच्या मुळशीकरांना समजावून सांगावा लागत नाही. २०१८ साली प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' आला. जमीन विकून बसलेला बाप मोहन जोशींनी केला, हातात शेत उरलं नाही म्हणून हातात हत्यार घेणारा मुलगा ओम भूतकरनं. या तालुक्यावर कुणी व्हिडिओ गेम काढला तर तो असा होईल : पहिल्या पातळीवर एक एकर विकायचा आणि पांढरी मोटार घ्यायची. दुसऱ्या पातळीवर मोटारीला शोभेल असा बंगला. तिसऱ्या पातळीवर गळ्यात साखळी आणि चौकात वाढदिवसाचा फलक. चौथ्या पातळीवर मुलगा विचारतो, "आबा, पुढची पातळी?" तेव्हा सातबाऱ्यावर नाव नसतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं बटणही नसतं. 'मुळशी पॅटर्न' अंगावर येतो तो या नसलेल्या बटणामुळे.

त्याच सिनेमाचा २०२१ साली महेश मांजरेकरांनी हिंदीत 'अंतिम' केला. आयुष शर्मानं मुलाचं काम मनापासून केलं आहे. पण समोर पोलीस अधिकारी म्हणून सलमान खान उभा आहे. मूळ सिनेमात उपेंद्र लिमयेंचा इन्स्पेक्टर होता, तो हरूही शकला असता. सलमान खान हरत नसतो हे पाळण्यातल्या पोराला माहीत आहे. ज्याला हरता येत नाही तो सिनेमात आला की पणाला लागलेलं सगळं आपोआप सुटून येतं. खेळावरून काढलेल्या वाईट सिनेमांना जो रोग होतो तोच इथे खेळाशिवाय झाला.

आमच्याकडे दूध घालायला एक वृद्ध गृहस्थ येतात. त्यांचं मूळ गाव कुठलं असं विचारलं, तर ते धरणाच्या दिशेला हनुवटी करतात आणि म्हणतात, "खाली." १९२१ च्या रामनवमीला इथे सत्याग्रह सुरू झाला होता. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी धरण होणार होतं आणि त्यात मावळ्यांची भातखाचरं जाणार होती. पांडुरंग महादेव बापट पुढे झाले, लोक मागे झाले, तुरुंग झाले. या लढ्यानं बापटांना 'सेनापती' ही पदवी दिली, पण गावं काही परत दिली नाहीत. धरण झालं, पाणी चढलं, आणि ते पाणी आजही घाट उतरून भिऱ्याला वीज करतं. शनिवार-रविवारी पुण्याहून मोटारी भरभरून माणसं ते पाणी पाहायला येतात. पाहणाराला तलाव दिसतो. त्या म्हाताऱ्याला उंबरा दिसतो. एका मात्रेचा फरक, दुसरं काय!

एकदा हे गृहस्थ दूध घालायला आले असताना नातू खेळत होता. ते दारात उभे राहून पाहत राहिले. मी त्यांना कौतुकानं सांगितलं, की यात मेलं तरी पुन्हा उठता येतं. त्यांनी विचारलं, "किती डाव भेटत्यात?" नातू म्हणाला, "पाहिजे तेवढे." म्हाताऱ्यानं माप किटलीत टाकलं आणि म्हणाला, "मग जिंकलेलं खरं कशावरनं?" आणि निघून गेला. नातवानं यंत्र खाली ठेवलं. मला वाटतं, हॉलिवुडच्या निर्मात्यांनी या गृहस्थांचा अर्धा तास घ्यावा. दुधाचे पैसे तेवढे वेगळे द्यावे लागतील.

आता थोडं भविष्याकडे. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाची एक मंडळी आहे. त्यांनी २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. प्राचीन भारत, दैत्य, देवदेवता, पहाडी चित्रांसारखे रंग, कळसूत्री छायाचित्रांतून सांगितलेली गोष्ट; आणि राजी नावाची एक पोरगी, हरवलेल्या भावाला, गोलूला शोधत निघालेली. बाहेरच्या देशांतल्या खेळाडूंनीही त्याचं कौतुक केलं. आज ना उद्या कुणाच्या तरी मनात त्याचा सिनेमा काढायचं येईल असं मला दिसतं. पुण्याचा खेळ असल्यामुळे सूचना करण्याचा मला जन्मसिद्ध हक्क आहे, तो बजावतो. राजीचं त्रिशूळ कसं चमकतं ते दाखवण्यात सगळे पैसे घालू नका. ते खेळात आम्ही पुष्कळ चमकवलं आहे. खेळताना भाऊ सापडेपर्यंत ती पोर कितीदा तरी पडते आणि उठते. सिनेमात ती उठेल की नाही हे आम्हांला ठाऊक नसू द्या. दोघं भावंडं हरवण्याआधी एकमेकांशी कशावरून भांडत होती ते पाच मिनिटं दाखवा. आणि देवाशपथ, दैत्याच्या दरबारात नाचाचं गाणं घालू नका.

बाकी मोठा पडदा, मोठे नट, मोठा खर्च हे सगळं तुमच्या मर्जीनं होऊ द्या. फक्त त्या पोरीला काही झालं, आणि अंधारात बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडून, ज्यानं जन्मात ते यंत्र हातात धरलं नाही त्याच्या तोंडून, 'मेली' म्हणायच्या ऐवजी 'मेलो' असं निघून गेलं, तर समजा, की मात्रा लागू पडली.